यंत्राने नाकारलेला अंगठा

माडगडच्या दुर्पती घाडीला सलग दुसऱ्या महिन्यात सरकारी कोठीतून तांदूळ मिळाला नाही, कारण ती अस्तित्वातच नव्हती.

असं कोठीतल्या यंत्राचं म्हणणं होतं. हे यंत्र रुद्राजीराजांनी समुद्रापलीकडच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलं होतं. त्यावर अंगठा ठेवायचा. हिरवा दिवा लागला तर माणूस खरा, तांदूळ घेऊन जा. तांबडा लागला तर माणूस खोटा, चला, पुढचा! पहिल्याच महिन्यात यंत्राने तीनशे चाळीस खोटी माणसं पकडली. कोठीत उरलेला तांदूळ बघून प्रधानजी खूश झाले आणि प्रधानजींना बघून राजे.

ही सगळी खोटी माणसं काजू फोडणाऱ्या बायका होत्या, हे काही दोघांच्या ध्यानात आलं नाही. काजूबीच्या टरफलात काळं तेल असतं. ते बोटांची कातडी खातं. हाताला राख लावूनही दहा-बारा वर्षं बिया फोडल्या की अंगठ्यावर एक रेघ शिल्लक राहत नाही, आणि यंत्र तर रेघाच बघायचं.

दुर्पतीच्या घरी सासू आणि तीन पोरं फणसाच्या उकडलेल्या आठळांवर दिवस काढत होती. आठळा संपत आल्या, तशी ती तडक दरबारात जाऊन उभी राहिली.

“महाराज, माका माजे तांदूळ होये!”

“तू कोण?”

“दुर्पती घाडी. तुमी खातास ते काजूगर मीच फोडतंय.”

राजांच्या पुढ्यात काजूगरांची वाटी होतीच. त्यांनी एक गर तोंडात टाकला आणि यंत्र मागवलं. दुर्पतीने अंगठा ठेवला. तांबडा दिवा!

“यंत्र म्हणतं, तू नाहीस.”

“मगे तुमी बोलतास कोणाशी?”

दरबारात कोणीतरी उगाच खोकलं. “यंत्र चुकता, महाराज!” दुर्पती म्हणाली. “आमी तीनशे चाळीस जणी काजू फोडणारी, आमकाच ता खोटी म्हणता.” राजे इरेला पेटले. “हे यंत्र चुकत नाही! चुकतं म्हणतेस ना? मग पंधरा दिवसांत असा एक माणूस दाखव, ज्याला अख्खा दरबार ओळखतो, जो तुमच्या धंद्यातला नाही, आणि तरीही यंत्र त्याला खोटा म्हणतं. दाखवलास तर सगळ्यांचे तांदूळ सोडतो. नाहीतर तीनशे चाळीस जणींनी वेशीबाहेर चालू पडायचं!”

असा माणूस आणायचा कुठून? दरबार ज्यांना ओळखत होता, त्यांच्यापैकी कोणी उभ्या जन्मात काम केलं नव्हतं. तरी खात्री असावी म्हणून प्रधानजींनी हळूच आपला अंगठा लावून पाहिला. हिरवागार!

दुर्पती घरी गेली आणि बसून राहिली. बाकीच्याही बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी राजवाड्यातले काजूगर संपले आणि प्रधानजी धावत तिच्या अंगणात आले.

“अगं, बिया का फोडत नाही?”

“कोण फोडतला? आमी तर जगातच नाय! यंत्रानच सांगल्यान. नाय त्या माणसांनी फोडलेले गर महाराज कशे खातले?”

हे उत्तर ऐकून राजे कडाडले, “नकोत त्यांचे गर! बी फोडायला काय मोठी अक्कल लागते? आणा टोपली, मी स्वतः फोडतो!”

टोपली गेली. सोबत दुर्पतीने पुडीत राख बांधून दिली आणि निरोप धाडला, “हाताक आदी राख लावा. तेल कातडी काढता.”

“राजाच्या हाताला राख?” म्हणत राजांनी ती खिडकीबाहेर भिरकावली. वारा समोरचा होता. राख परत आत आली, पण हाताला न लागता मिशांना लागली.

पहिल्या दिवशी अखंड गर तीन निघाले. राख नसल्याने पाचव्याच दिवशी बोटं काळी पडली, आठव्या दिवशी सोलवटायला लागली. दहाव्या दिवशी मिशीला पीळ द्यायलाही प्रधानजींना बोलवावं लागलं. पण हट्ट तो हट्ट! राजे फोडत राहिले.

मुदतीच्या पंधराव्या दिवशी दुर्पती आली ती एकटीच.

“कुठे आहे तुझा माणूस?”

“समोर बसलो हा. महाराज, जरा अंगठो लावा बघू!”

राजांनी अंगठा लावला. तांबडा! धोतराला पुसून लावला. तांबडा! फुंकर मारून लावला. यंत्र आपल्या मतावर ठाम होतं.

सगळा दरबार जमिनीकडे पाहू लागला. राजे एकदम ओरडले, “लबाडी! मी बारा दिवस बिया फोडल्या. म्हणजे मी तुमच्या धंद्यातला झालो. माणूस धंद्याबाहेरचा हवा होता. शर्त मोडली!”

प्रधानजींनी टाळी वाजवली.

“बरा तर,” दुर्पती शांतपणे म्हणाली. “तुमी आमच्या धंद्यातले नसलास, तर शर्त मी जिकलंय. आणि असलास, तर आमच्या धंद्यातली माणसा खरी की खोटी, ता तुमीच सांगा. खोटी म्हणशात, तर त्या सिंहासनार बसलो हा तो कोण?”

प्रधानजींचे हात टाळीच्या मधेच थांबले.

राजांनी अंगठ्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, आणि ते खो-खो हसत सुटले. हसता हसता मांडीवर थाप मारली, बोटं झोंबली म्हणून कळवळले आणि पुन्हा हसले.

“हरलो! तीनशे चाळीस जणींचे तांदूळ आजच सोडा, मागचे दोन महिने धरून! प्रत्येकीला कातडी हातमोजे द्या, सरकारातून! आणि दुर्पती, उद्यापासून यंत्राशेजारी तू बसायचंस, कोठीची अधिकारी म्हणून. तांबडा दिवा लागला तर तुझा शब्द शेवटचा. आता वाढा रे कोणीतरी, भूक लागली!”

मुदपाकखान्याचा कारभारी हात जोडून पुढे आला. “महाराज, हिरवा दिवा लागल्याशिवाय कोणालाच शिधा सोडायचा नाही, असा आपलाच हुकूम आहे.”

सगळ्यांनी दुर्पतीकडे पाहिलं. तिने राजांना पायांपासून पागोट्यापर्यंत एकदा सावकाश न्याहाळलं.

“खरे आसत,” ती म्हणाली. “आमचेच आसत. वाढा तेंका!”