राणी हंसावतीचे गुंतवळ

एका राज्यात दवंडी पिटायला माणसे लागत नसत. राजवाड्याच्या सज्ज्यावरून साळुंकी ओरडे आणि गावोगावचे पोपट ती वार्ता पुढे नेत. तिथला राजा विजयध्वज मोठा पराक्रमी; पण डोईचा मंदील जेवताना उतरवत नसे, झोपतानाही उतरवत नसे. का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. त्याची राणी हंसावती. तिच्या घोट्यापर्यंतच्या केसांची कीर्ती सात मुलखांत गेलेली. आणि ते केस विंचरणारी भिवरा. राजाराणीच्या गोष्टी काय, कुणीही सांगेल. आपण भिवराची सांगू, कारण चूक तिची होती आणि निस्तरलीही तिनेच.

भिवरा राणीच्या लग्नात पाठराखीण म्हणून आली ती इथलीच झाली. रोज सकाळी ती राणीला पाटावर बसवी, माक्याचे तेल लावी, फणी फिरवी. फणीत अडकलेल्या केसांचे गुंतवळ बोटावर गुंडाळी, त्यावर थू थू थू असे तीनदा थुंके आणि मग परसात टाकी. न थुंकता टाकलेले गुंतवळ मांत्रिकाच्या हाती लागले की करणी होते, हे त्या मुलखात परकरी पोरींनाही ठाऊक होते.

एका वर्षी राणीला मोठा ताप आला. राणी वाचली, केस काही वाचले नाहीत. फणीत मूठमूठ गुंतवळ येऊ लागले. अशाच एका सकाळी परसदारी हाक आली, "सुया घ्या, पोत घ्या!" भिवराच्या नातीचे दुसऱ्या दिवशी बारसे होते. पोतवालीच्या टोपलीत लालचुटुक मण्यांची पोत बघून म्हातारीचा जीव त्यात अडकला.

"पण तुला द्यायला माझ्याजवळ काही नाही गं," भिवरा म्हणाली.

"मुठीत आहे तेच द्या की, बाई," पोतवाली म्हणाली.

आता दुसऱ्याच्या हातात द्यायच्या वस्तूवर थुंकायचे कसे? भिवराला लाज वाटली. तिने गुंतवळ तसेच दिले, पोत घेतली. अहो, लाजावे कधी आणि लाजू नये कधी, एवढे कळले असते तर ही गोष्टच घडली नसती!

ती पोतवाली नव्हतीच. तो होता भस्मकेतू मांत्रिक. एकदा भर दरबारात त्याच्या डोक्यावरचा केसांचा टोप घसरून नाकावर आला होता आणि राणीला हसू आवरले नव्हते. तो राग त्याने सात वर्षे जपला होता.

आठ दिवसांनी वाड्यावर चंदनाची पेटी आली. आत गंगावन, म्हणजे विरळ वेणीत गुंफायचे केस. काळेभोर, अगदी राणीच्या केसांसारखे. असणारच, तिचेच होते ते.

"बाईसाहेब, आहेत ते चार केस काय वाईट आहेत?" भिवरा म्हणाली.

"महाराज माझ्या केसांवर भाळले, भिवराक्का. केस गेले तर मागे उरले काय?"

 भिवराने गंगावन गुंफले. राणी दरबारात आली आणि प्रधान म्हणाला, "वाहवा! काय हे केस!" लगेच गंगावन हातभर वाढले. सेनापतीने री ओढली, आणखी हातभर वाढले. खोट्या केसांची खोटी स्तुती खाऊन वाढायचे, हाच त्याचा शाप होता. संध्याकाळी ते सोडवायला गेले तर सुटेना. कात्र्या मोडल्या, तलवारी बोथटल्या. तिसऱ्या दिवशी केस जिना उतरून अंगणात गेले. राणीला मान उचलवेना. राजवैद्य म्हणाले, "आठव्या दिवशी मानेचा मणका मोडेल." राजा बिचारा उशाशी बसून धीर द्यायला म्हणे, "किती शोभतात गं तुला!" आणि गंगावन पुन्हा हातभर वाढे.

भिवरा परसातल्या बाभळीखाली बसून धाय मोकलून रडली. वर सुगरण पक्षी घरटे विणत होता. तो खाली वाकून म्हणाला, "भिवरा, गंगावन राणीच्याच गुंतवळाचे आहे. तू दिलेस ते."

भिवराने हात जोडले. "उपाय सांग, पाखरा."

"कोरड्या बारवेतल्या नागापाशी शिसवी फणी आहे, ती आण. काळ्या डोंगरावरच्या राक्षसिणीपाशी तेल आहे, ते आण. आणि त्या दिवशी जे द्यायचे चुकलीस, ते दे."

"काय चुकले मी?"

"ते तुझे तुला ठाऊक," असे म्हणून तो पुन्हा विणायला लागला.

भिवरा बारवेत उतरली. नाग फणीभोवती वेटोळे घालून होता, पण तळमळत होता. त्याची कात डोळ्यांवर अडकली होती. भिवराने केसांतला गुंता सोडवावा तशी ती हलक्या हाताने सोडवली. "दुखले नाही," नाग नवलाने म्हणाला आणि बाजूला झाला. मग ती काळ्या डोंगरावर गेली. राक्षसीण डोके कराकरा खाजवत ओरडली, "तुला खाऊ का?"

"आधी उवा काढते, मग खा," भिवरा म्हणाली आणि तिच्यामागे जाऊन बसली. एकेक ऊ चिमणीएवढी! दोन दिवस ती उवा काढत होती. राक्षसीण तिच्या मांडीवर डोके टेकून लेकरासारखी झोपी गेली. उठल्यावर तिने तेलाचा बुधला दिला आणि जाताना मायेने बजावले, "पुन्हा ये हो."

आठव्या दिवशी भिवरा परतली. दरबार भरला होता. राणी गालिच्यावर पडली होती, श्वास लागलेला. भिवराने तेल घातले, फणी फिरवली. फणी प्रथमच त्या केसांतून सरसर चालली, पण गंगावन सुटले नाही. तिसरी गोष्ट राहिली होती. काय बरे द्यायचे चुकले? फणीत चार केस आले. सवयीने ते बोटावर गुंडाळताना तिची जीभ आपसूक टाळूला लागली, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

पण राणीच्या मस्तकावर थुंकणाऱ्याचे मस्तक उडवावे, असा त्या राज्याचा कायदा होता.

भिवरा म्हणाली, "बाळे, नातीच्या पोतीसाठी मी तुझे केस दिले. माझ्या पायी तुझी ही दशा झाली. आता माझे डोके गेले तरी चालेल." आणि साऱ्या दरबारादेखत ती त्या गंगावनावर थुंकली. थू! थू! थू!

"धरा तिला!" सेनापती ओरडला. तोवर गंगावन सळसळत गळून पडले आणि त्याची राख झाली. दूर भस्मकेतूच्या मठीत त्याच्या टोपातला चोरीचा केस न् केस उडून गेला. उघडे टक्कल घेऊन तो पळाला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

राणीने मान उचलली. डोक्यावर बोटाएवढी वेणी, तीही अर्धी पांढरी. तिने दोन्ही हातांनी डोके झाकले आणि ती रडू लागली. राजा उठला. सेनापती तलवार उपसायला सरसावला, पण राजाने आपला हात वर नेला, स्वतःच्या मंदिलाकडे. वीस वर्षांत प्रथमच त्याने तो उतरवला. आत घासून ठेवलेल्या तांब्यासारखे टक्कल होते.

"तू हसशील म्हणून भीत होतो," राजा म्हणाला.

राणी रडता रडता खदखदून हसली. मग राजाही हसला, मग सारा दरबार. सज्ज्यावरच्या साळुंकीने तर दवंडी द्यायलाही सुरुवात केली. राजाने तिला कसेबसे गप्प केले.

"महाराज, कायद्याचे काय?" सेनापतीने विचारले. राणीने भिवराला जवळ बसवले आणि ती म्हणाली, "शिक्षा व्हायलाच हवी. भिवराक्का, जिवंत असेपर्यंत रोज माझे हे चार केस विंचरायचे, आणि गुंतवळावर माझ्या डोळ्यांदेखत तीनदा थुंकायचे. एकदा जरी कमी थुंकलीस, तर माझ्याशी गाठ आहे."

भिवराने पदराने डोळे पुसले, फणी उचलली आणि राणीसाठी पाट मांडला. त्यांचे दिवस तेलापाण्यात सुखाचे गेले, तसे तुमचेही जावोत.