साळिंदरदादाचे माप

ओढ्याकाठच्या एका जंगलात एक साळिंदर राहत असे. सगळे त्याला साळिंदरदादा म्हणत. त्याचा धंदा मोठा नामी होता. तो दुसऱ्यांच्या दारापुढे बागा करून देई. आजच्या भाषेत सांगायचे तर बागांची कंत्राटे घेई. अस्वलाच्या गुहेपुढचा उघडाबोडका उतार त्याने हरळीने झाकला होता, कासवाच्या डबक्याला लव्हाळ्याची किनार लावली होती आणि मोराला नाचायला सपाट अंगण करून दिले होते. आता साळिंदर म्हणजे मुळे उकरून खाणारा प्राणी, तो बागा कसल्या लावणार, असे तुम्ही म्हणाल. पण मुळे खाऊन खाऊनच त्याला मुळांच्या खोडी कळल्या होत्या. कोणते मूळ खाली धावते आणि कोणते आडवे पसरते, हे त्याला तोंडपाठ होते.

दादाचे दोन नियम होते. पहिला खड्ड्याचा. खड्डा खणून झाला की तो स्वतः आत उतरून उभा राही. पाठीवरच्या काट्यांची टोके जमिनीच्या वर दिसली तर पुन्हा खणायला लागे. "काटा बुडाला की खड्डा झाला," असे तो म्हणे. दुसरा नियम नव्या पानाचा. रोप लावले आणि सुटलो, असे त्याचे नसे. दर चार दिवसांनी तो चक्कर मारी, माती हुंगून बघे, पळसाच्या द्रोणाने पाणी घाली. रोपाला पहिले नवे पान फुटले की मग मालकाला हाक मारून म्हणे, "घ्या, आता ही बाग तुमची." तोवर ती त्याची.

असे चोख काम असल्यावर बोलावणी वाढणारच. एकट्याच्याने आवरेना, तेव्हा दादाने सशाला हाताशी घेतले. ससा खणण्यात पटाईत आणि बोलण्यात त्याहून. त्याने आपले सहा भाऊबंद आणले आणि बघता बघता सात जणांची टोळी उभी राहिली. मग दादाचा दिवस नवीन जागा बघण्यात, पाणी कुठून वाहते ते शोधण्यात आणि ओढ्यापलीकडच्या मंडळींना भेटण्यात जाऊ लागला. जुन्या कामांवर फिरकायला त्याला फुरसत मिळेना. वाटेत ससा भेटला की तो चालता चालता विचारी, "काय रे, नवं पान आलं का?"

"येतंय दादा, येतंयच!"

"आणि खड्डे?"

"काटा बुडेपर्यंत, दादा! तुमचा शब्द तो शब्द."

दादाला बरे वाटे. आपल्या हाताखाली एवढी मंडळी राबतात, या विचाराने त्याचे काटे उगाचच ताठ होत.

वैशाख लागला आणि गव्यांच्या म्होरक्याचा निरोप आला. कळपाच्या खुरांनी पाणवठ्याचा काठ पार ढासळला होता. दर पावसाळ्यात माती आत येई आणि पाणी अर्ध्यावर येऊन ठेपले होते. 'पावसाआधी काठ धरून ठेवणारी साठ झाडे हवीत. पौर्णिमेला येतो. आधी तुझ्या हातची एक बाग दाखव, मग बोलू,' असा तो निरोप होता. एवढे मोठे काम दादाला आजवर मिळाले नव्हते. ते मिळाले तर पार डोंगरापर्यंत त्याचे नाव होणार होते. आणि गव्याने नाक मुरडले, तर पुढे कोणी दारात उभे करणार नव्हते. दादाला रात्रंदिवस तेच सुचू लागले.

दाखवायची कोणती बाग? त्याच्या मनात लावरीचे कुंपण आले. लावरी म्हणजे मूठभर पक्षी, जमिनीवरच अंडी घालणारा. तिच्या घरट्याभोवती थंडीच्या दिवसांत सशाच्या टोळीने करवंदीचे दाट कुंपण लावले होते आणि जाणारा-येणारा त्याची तारीफ करी. पौर्णिमेला तीन दिवस राहिले, तेव्हा दादा ते बघायला गेला.

बघतो तर पाने माना टाकून बसली होती. एक रोप त्याने हलकेच ओढले, तर ते सगळेच हातात आले. आत लावरी अंड्यांवर बसली होती.

"या दादा. उठता येत नाही, राग मानू नका. खाली आठ अंडी आहेत," ती म्हणाली.

"हे असं कधीपासून झालंय, लावरीताई?"

"चैत्राचं ऊन तापलं तसं. सशाला सांगितलं होतं मी. तो म्हणाला, येतंय नवं पान."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि दादाला त्याचेच जास्त वाईट वाटले. त्याने रोपाखालची जागा उकरली. वीतभर खाली कडक मुरूम लागला. मुळांना जायला वाट नव्हती, ती तिथल्या तिथे गुंडाळी करून बसली होती. त्याने सशाला हाक मारली.

"हा काय काटा बुडेपर्यंतचा खड्डा?"

ससा कान पाडून म्हणाला, "दादा, मला काटे कुठे आहेत? मी आपला आत बसलो, कान बुडाले. म्हटलं, झालंच की!"

दादाला आधी रागच आला. पण सशाचे काय चुकले होते? दादाने त्याला शब्द तेवढे दिले होते. माप त्याच्या स्वतःच्याच पाठीवर राहिले होते आणि ती पाठ गेल्या चार महिन्यांत या बाजूला वळलीच नव्हती.

ससा मात्र गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. "घाबरू नका, दादा. अजून तीन दिवस आहेत. परवा करवंदीच्या ओल्या फांद्या तोडून आणतो आणि रांगेत खोचून देतो. गवा येईल तेव्हा सगळं हिरवंगार! त्याला काय कळणार?"

खरे सांगायचे तर दादाला ही युक्ती पटली. एवढे मोठे काम हातचे जाऊ द्यायचे म्हणजे काय! "आणा फांद्या," तो म्हणाला.

तेव्हा लावरीने विचारले, "दादा, त्या फांद्या किती दिवस हिरव्या राहतील?"

"तीन. फार तर चार."

"पिल्लं बाहेर यायला अजून अकरा दिवस आहेत, दादा."

एवढेच ती म्हणाली आणि पुन्हा अंडी पोटाखाली सारखी करू लागली. दादाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. कुंपण कोणासाठी लावले होते, हेच तो विसरला होता.

"फांद्या राहू द्या," तो सशाला म्हणाला. "सगळी रोपं काढा, मुळं ओल्या पानांत गुंडाळून सावलीत ठेवा. खड्डे नव्याने खणायचे."

"आणि गवा?"

"येईल तेव्हा येईल."

"आणि अंडी? कुंपण काढलं की मुंगसाला रस्ता मोकळा!"

दादाने अंगाला एक हिसका दिला. चौदा काटे गळून खाली पडले. ते त्याने दोन-दोन करून एकेका सशाच्या हातात दिले. "असे दोन काटे, एकावर एक, पुरते बुडाले पाहिजेत. तोंडाने सांगू नका, घालून दाखवा." मग तो घरट्यापाशी, पायवाटेच्या बाजूला गेला, वाटेकडे पाठ करून बसला आणि काटे पसरून म्हणाला, "इथे मी बसतो."

दुसऱ्या दिवशी मुंगूस आलेच. थबकले. त्याने काटे नीट निरखून घेतले.

"काय दादा, आज स्वतःच कुंपण?"

"हो."

"किती दिवस?"

"लागतील तेवढे."

"बरं, बरं," असे म्हणत मुंगूस सहज फिरायला आल्यासारखे पुढे निघून गेले. दादा दिवसभर उन्हात तसाच बसून होता. अस्वलाचे एक काम ठरले होते, त्याने दोनदा निरोप धाडला आणि शेवटी चिडून ते काम रानडुकराला दिले. रानडुकराने एका दिवसात सगळे उरकून टाकले म्हणे. दादाने ते ऐकले, सुस्कारा सोडला, पण जागा सोडली नाही.

पौर्णिमेच्या सकाळी गवा आला. समोर बाग नव्हती. उकरलेली माती होती, रांगेने खड्डे होते, आणि कुंपणाच्या जागी साक्षात कंत्राटदार बसला होता.

"बाग कुठे आहे?" गव्याने विचारले.

"रोगाने गेली म्हणा, दादा," ससा कुजबुजला.

"बाग अजून झाली नाही," दादा म्हणाला. "एकदा केली होती, ती फसली. खड्डे उथळ गेले. हे खणतात छान, पण माप मी यांना दिलंच नव्हतं. आणि बघायला एकदाही आलो नाही. चूक माझी."

गव्याने लावरीकडे पाहिले, मग एका खड्ड्यात पुढचा पाय घातला. पाय गुडघ्याच्याही वर बुडाला. त्याने पाय बाहेर काढला.

"माझ्या काठाला असे साठ खड्डे?" त्याने विचारले.

"असे साठ नाही होणार. पावसाआधी वीस होतील. बाकीचे पुढच्या साली."

सशाने दोन्ही कान डोळ्यांवर ओढून घेतले. आता काम गेलेच, असे त्याला वाटले. दादालाही तेच वाटले. पण एकदा खरे बोलून टाकल्यावर त्याला आतून हलके वाटत होते.

"गेल्या साली रानडुकराने शंभर लावली होती," गवा सावकाश म्हणाला. "पहिल्याच पुरात वाहून गेली. तू वीस लाव. उरलेल्या काठावर मी यंदा कळपाला फिरकू देत नाही."

अकराव्या दिवशी अंडी फुटली. आठांतून सात पिल्ले बाहेर आली आणि दिवसभरातच आईमागे तुरुतुरु पळू लागली. दादा उठला, तर बसून बसून त्याचे पाय इतके अवघडले होते की तो तिथेच कोलमडला. लावरी खूप दिवसांनी पोटभर हसली. पुढे वीसेक दिवसांनी, नव्या खड्ड्यांत पुन्हा लावलेल्या करवंदीला तांबूस, कोवळे पान फुटले. दादाने तिला हाक मारली आणि म्हणाला, "घ्या लावरीताई, आता हे कुंपण तुमचं."

पाणवठ्यावर तोवर खणणी सुरू झाली होती. दादा रोज दोन वेळा फेरी मारी. एकदा त्याला काठावर पोहोचायला उशीर झाला. विसावा खड्डा तयार होता. ससा आत उतरून दोन काटे लावून बघत होता. काटे पुरते बुडाले होते, तरी त्याने आणखी चार पंजे माती बाहेर टाकली, उडी मारून वर आला आणि ओरडला. या वेळी तो 'झालंच' म्हणाला नाही.

"दादा, जरा येऊन बघता का?" तो म्हणाला.

तात्पर्य : काम वाढवायचे असेल तर आधी आपले माप दुसऱ्याच्या हाती द्यावे, आणि ते पाळले जाते की नाही, हे स्वतः जाऊन पाहावे.