शिव्यांचा मान

खैरमाळ आणि पाडळशेत या दोन गावांच्या मधून वाघओढा वाहतो. वाहतो म्हणायचे इतकेच. पावसाळ्याचे चार दिवस सोडले तर त्यात गोट्यांखेरीज काही दिसत नाही. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी या कोरड्या ओढ्यात खैरमाळचा एक माणूस उभा राहतो आणि त्याचेच गाव काठावर जमून दिवस मावळेपर्यंत त्याला शिव्या देते. त्याच्या आईबापाचा उद्धार होतो, सात पिढ्या धुऊन निघतात. हे बघायला शहरातून मंडळी येतात आणि मोबाइल उंच धरून हसतात. हसणाऱ्याला इथली जुनी माणसे आधी खाली बसवतात, तोंड बंद ठेवायला सांगतात आणि मग ही हकिगत सांगतात. ऐकायची नसेल त्याने गाडी वळवावी, असेही तोंडावर सांगतात.

पूर्वी या ओढ्यात शिव्या नव्हत्या, दगड होते. त्याच दिवशी दोन्ही गावे दोन काठांवर उभी राहत आणि दुपारपासून दिवस मावळेपर्यंत एकमेकांची डोकी फोडत. वैर कशावरून पडले ते कुणालाच धड सांगता येत नाही. कुणी म्हणते रेड्यावरून, कुणी म्हणते लग्नात मानपान चुकला म्हणून. कारण विसरले तरी दगड कुणी विसरले नाही. या मारामारीलाही एक रीत होती म्हणे. आदल्या दिवशी चावडीत पाटील ताटात विडा ठेवी. जो विडा उचलेल तो त्या वर्षीचा म्होरक्या. म्होरक्याने पहिला दगड मारल्याशिवाय गावातल्या कुणी हात उचलायचा नाही, आणि दिवस मावळेपर्यंत त्याचा शब्द मोडायचा नाही. ही रीत देवाची मानत. ती मोडल्याचे कुणाच्या ऐकिवात नव्हते.

त्या काळी खैरमाळात राऊ शेवाळे म्हणून एक गडी होता. अंगाने आडदांड, डोक्याने तापट. त्याचा धाकटा भाऊ सदू एका शिमग्याला या ओढ्यात पडला. पलीकडून आलेला दगड कानशिलावर बसला आणि पोरगा पाणीही न मागता गेला. राऊने त्याला घोंगडीत घालून घरी आणले. तो रडला नाही. वर्षभर तो कुणाशी सरळ बोलला नाही. ओढ्यावरून येता-जाता मुठीत बसेल असा एकेक गोटा उचलून आणायचा आणि उंबऱ्याशी रचायचा. त्याला पाडळशेतचे एक मढे हवे होते. कुणाचेही चालले असते.

त्याच वर्षी पहिल्या महायुद्धातून हवालदार गेनबा मुळीक घरी आला. इराकात, बसऱ्याकडच्या वाळवंटात तो होता. तिथे म्हणे गोरा साहेब पडला, वाट चुकली आणि आपल्या मुलखातली पुष्कळ माणसे पाण्यावाचून मरायला टेकली. गेनबाने सगळ्यांचे उरलेसुरले पाणी आपल्या ताब्यात घेतले, आपल्या हाताने घोट घोट पाजले आणि स्वतः सगळ्यांच्या मागून चालला, म्हणजे कुणी बसला तर त्याला लाथ घालून उठवता येईल. त्यांच्यात पाडळशेतचा हैबती गलांडे होता. त्याच्या मांडीत गोळी होती. मला इथेच टाका, असे तो विनवत होता. गेनबाने त्याला शिवी हासडली, पाठुंगळी घेतले आणि छावणीपर्यंत आणून टाकले.

हे सगळे लोकांना बरोबरच्या शिपायांकडून कळले. गेनबाला विचारले तर तो म्हणे, "चाललो आन आलो. त्यात काय?" सरकारने दिलेले पदक त्याने बेंदराच्या सणाला बैलाच्या गळ्यात बांधले, आणि पाटील रागावला तेव्हा म्हणाला, बैलानेही पुष्कळ ओढलेय. घायपाताचे दोर वळून तो पोट भरी. चावडीत बोलावले तर दाराशी बसे. पण दोन माणसे भांडली आणि गेनबा नुसता उठून उभा राहिला, तरी आवाज खाली येत.

शिमगा जवळ आला तसा राऊ त्याच्या अंगणात गेला. गेनबा दोराला पीळ देत बसला होता.

"तात्या, औंदा विडा तुमी उचला. लढाई मारून आलाय. तुमी म्होरं असलात तर पाडळशेतचं नाव ऱ्हायचं न्हाई."

"न्हाई जमायचं, राऊ."

"माझा सदू गेला!"

"ठावं हाय. म्हणूनच न्हाई म्हणतोय. मला तिकडं लई माणसं मारायला लावली, बाबा. आता हात दोरालाच बरा."

"म्हंजी भ्याला म्हणा की."

"तसं म्हण," गेनबा म्हणाला आणि पुन्हा पीळ देऊ लागला.

राऊच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने गावभर सांगितले की हवालदार भेकड आहे, पाडळशेतला फितूर आहे, हैबती त्याला धान्य पोचवतो. खोटे होते, पण गावाला ऐकायला बरे वाटले. मोठ्या माणसाला खाली ओढताना खैरमाळचे हात नेहमीच लवकर वर जातात. गेनबाला वाळीत टाकले. न्हाव्याने वस्तरा लावायचे सोडले. त्याचे दोर कुणी घेईना. त्याची बायको तानूबाई पाण्याला गेली की बायका विहिरीवरून रहाटाचा दोर काढून नेत, आणि तो दोर तिच्याच नवऱ्याने वळलेला असे. दारावर शेण आदळे. सकाळी ते धुताना गेनबा एक शब्द बोलत नसे. त्याचे ते गप्प राहणे राऊला शिवीपेक्षा जास्त लागे.

विड्याचा दिवस आला. चावडी भरली. दुसरा कुणी उठेना म्हणून राऊ उठला आणि ताटाकडे हात नेला. तेवढ्यात दाराशी गलका झाला. वाळीत टाकलेला माणूस आत आला होता. कुणी अडवायच्या आत गेनबाने ताटातला विडा उचलून तोंडात घातला.

मग राऊनेच आरोळी ठोकली. सदूच्या जाण्यानंतर तो पहिल्यांदा हसला असे सांगतात. त्याने हवालदाराला मिठी मारली. ज्यांनी दारावर शेण मारले होते, त्यांनीच त्याच्यावर गुलाल उधळला. फक्त तानूबाईने घरी त्याच्या अंगावरचा गुलाल पुसून काढला. नवऱ्याला ती ओळखून होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही काठ भरले. पलीकडे त्या वर्षीचा म्होरक्या हैबती होता, लंगडा पाय पुढे टाकून उभा. गेनबा रिकाम्या हाताने ओढ्यात उतरला आणि सरळ मध्यापर्यंत चालत गेला. खैरमाळचे लोक एकमेकांना कोपराने ढोसू लागले. हा पलटणीतला डाव आहे, आता बघा गंमत, म्हणून शहाणी माणसे इतरांना समजावू लागली. राऊच्या मुठीत गोटा होता, आणि हवालदाराचा हात कधी वर जातो याकडे त्याचा डोळा होता.

गेनबा मध्यावर थांबला आणि वळला. त्याने पाडळशेतकडे पाठ केली आणि आपल्या गावाकडे तोंड.

"ऐका," तो म्हणाला. "म्होरक्या मी हाय. मी दगड मारल्याबिगर कुणी मारायचा न्हाई, ही देवाची रीत. आन मी मारणार न्हाई."

आधी कुणाला कळलेच नाही. कळले तेव्हा काठ पेटला. भेकड, बायल्या, सरकारचा कुत्रा, पाडळशेतच्या तुकड्यावरचा, काळतोंड्या. म्हातारी माणसे ओरडली, बाया ओरडल्या. जे तोंडात आले ते त्या माणसाच्या अंगावर गेले. गेनबा हात मागे बांधून ऐकत राहिला. उन्हे उतरायला लागली तरी तो हलला नाही.

पलीकडे पाडळशेतच्या तरण्या पोरांनी दगड उचलले होते. एवढी मोकळी पाठ त्यांना कधी मिळाली नव्हती. हैबतीने आपला दगड खाली टाकला. पोरे कुरकुरली तेव्हा तो त्यांच्यावर खेकसला, "त्या पाठीवर बसून मी घरी आलोय. ज्याला मारायचा हाय त्यानं आधी मला मारा." एकेक करून त्या काठावरचे दगड खाली पडले.

राऊने ते पाहिले. पलीकडे सगळे हात रिकामे झाले होते, आणि दिवस मावळायला आला होता. आणखी थोडा वेळ, की वर्ष फुकट. त्याला सदूचे कानशील दिसले. हा माणूस मधे उभा नसता तर आत्तापर्यंत कुणाचे तरी दार उजाड झाले असते. या एका माणसाने आपले मढे आपल्या हातातून काढून घेतले, असे त्याला वाटले. त्याने रीत मोडली. दगड सुटला तो गेनबाच्या कपाळावर बसला.

ओरडा थांबला. गेनबा डगमगला, पण पडला नाही. डोळ्यात उतरलेले रक्त मनगटाने पुसून त्याने नेमके राऊकडे पाहिले.

"राऊ, सदू परत आला का रं?"

राऊ उत्तर देणार तोच त्याच्या मागून दुसरा दगड सुटला. मग तिसरा. एकदा रीत मोडली म्हटल्यावर कुणालाच धरबंध उरला नाही. ज्यांचा कुणी मेला नव्हता त्यांनीही मारले. गेनबा गुडघ्यावर आला तेव्हा हैबती आपली माणसे घेऊन ओढ्यात धावला. खैरमाळला वाटले, चाल करून आले. आणखी दगड पडले. ते अंगावर झेलत हैबतीने हवालदाराला पाठुंगळी घेतले आणि लंगडत आपल्या गावात नेले.

पाडव्याची गुढी उभी राहायच्या आत गेनबा पाडळशेतात वारला. खैरमाळची माणसे तोंडे पाडून प्रेत मागायला गेली. हैबतीने त्यांना वेशीवरच अडवले.

"ज्येनी मारलं त्येनला मढं मिळायचं न्हाई. हितनं माघारी फिरा."

काठ्या निघाल्या. गेनबाच्या प्रेतावरून दोन गावे पुन्हा डोकी फोडणार होती. तेव्हा तानूबाई मध्ये आली. तिने सांगितले की चिता ओढ्यात रचायची, तो उभा होता तिथे, आणि लाकडे दोन्ही गावांनी आणायची. कुणाची काठी वर गेली तर ती त्याच चितेत उडी घेईल. चिता पेटली. खैरमाळची माणसे रडू लागली तेव्हा ती त्यांच्यावर कडाडली.

"रडताय कशापायी? त्यो हुबा हुता तवा तोंडं कशी चालली हुती तुमची? म्होरल्या शिमग्याला इडा राऊनं उचलायचा. ह्याच जागंवर, असाच हुबा ऱ्हायचा. जे त्येनं ऐकलं ते ह्येनं ऐकायचं."

राऊला तिने दगड मारला असता तर बरे वाटले असते. तो मान खाली घालून घरी गेला आणि उंबऱ्याशी रचलेले गोटे पाहत बसला. त्या रात्री तो सदूसाठी पहिल्यांदा रडला असे सांगतात. कुणी म्हणते सदूसाठी नव्हे, हवालदारासाठी. त्याला तरी वेगळे कळले असेल का?

पुढच्या शिमग्याला त्याने विडा उचलला. तो ओढ्याच्या मध्यावर गेला, आपल्या गावाकडे तोंड करून उभा राहिला. सदूला मारणारे गाव आता त्याच्या पाठीमागे होते. त्या गावावर त्याने वर्षानुवर्षे दगड मारले होते. हवालदाराला तर त्याने मारूनच टाकले होते. पलीकडून पहिला दगड कुठे बसेल, मानेवर की मणक्यात, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता. तो आला असता तरी राऊने तक्रार केली नसती.

समोर खैरमाळ गप्प उभे होते. शरमेने कुणाचे तोंड उघडेना. तेव्हा पांढऱ्या कपाळाची तानूबाई पुढे आली आणि तिने पहिली शिवी दिली. ती काय होती ते इथे कुणी सांगत नाही. मग मागोमाग सगळा काठ सुटला. राऊ ऐकत राहिला. त्याचे कान समोरच्या शिव्यांकडे नव्हते, मागे होते. दिवस मावळला. पाठीवर खडाही आला नाही. तेव्हा तो मागे वळला. पाडळशेतची सगळी माणसे काठावर बसून होती आणि हैबती पाण्याची चरवी घेऊन त्याच्याकडे लंगडत येत होता. राऊ तिथेच गोट्यांत मटकन बसला आणि लहान पोरासारखा ओरडून रडला.

आजही खैरमाळात ज्याला गावाचा म्होरक्या व्हायचे असते, त्याला आधी वाघओढ्यात उतरावे लागते. पहिली शिवी मुळिकांच्या घरातली बाई देते. पुष्कळ पुढारी विडा उचलायच्या आधीच माघार घेतात, आणि गाव त्यांना पुन्हा विचारत नाही. पाहुणे हमखास विचारतात, वैऱ्याकडे पाठ करून का उभे राहायचे? जुनी माणसे चिडून सांगतात, कारण हवालदार उभा होता त्या दिवशी पाठीमागून एकही दगड आला नाही. आले ते सगळे समोरून आले, आमच्या हातचे.