ठाकुरांनी ढकललेली मोटार

एका वाळवंटी जहागिरीत जालमसिंह नावाचे ठाकूर होते. त्यांच्याकडे विलायतेहून आलेली उंची मोटार होती. आत मखमली गाद्या, बाहेर चांदीचा भोंगा. घराण्याचा रिवाज असा, की धन्याचं वाहन कधी ढकलायचं नाही, त्याने अब्रू जाते. एकदा शिकारीला जाताना मोटार वाळूत रुतली. हाताशी माणसं पुष्कळ होती, पण रिवाज आडवा आला. ठाकूर उंटावर बसून घरी गेले. अब्रू वाचली, मोटार मात्र तिथेच राहिली.

जवळच चुनखडीची खाण होती. मोटारीला कोणी वाली उरला नाही असं पाहून मुकादम पेमारामच्या माणसांनी ती ढकलून बाहेर काढली. मागचा भाग कापून तिथे फळ्या ठोकल्या. खाणीवर पाण्याचा थेंब नव्हता आणि विहीर लांब होती. आता मोटार पिंपं भरून आणू लागली. बायकांच्या डोक्यावरचे हंडे उतरले.

काही वर्षांनी ठाकुरांना हवेलीपुढे शोभेसाठी मोटार हवीशी झाली. ते ड्रायव्हर घेऊन खाणीवर आले आणि कापलेली मोटार पाहून संतापले. पेमारामने वाद घातला नाही. वस्तू त्यांचीच होती. त्याने पिंपं उतरवून घेतली. बायकांनी पुन्हा हंडे उचलले आणि त्या विहिरीकडे निघाल्या. पेमारामही घागर घेऊन त्यांच्यासोबत गेला.

थोडं अंतर गेल्यावर मोटार पुन्हा रुतली. इंजिनातून वाफा निघू लागल्या. ठाकूर भर उन्हात आत बसून राहिले, कारण ढकलायचं तर नव्हतंच. शेवटी पाणी घेऊन परतणारी मंडळी तिथे पोचली. एका बाईने न विचारताच आपला हंडा इंजिनात रिकामा केला. मग सगळ्यांनी मोटारीला हात लावले. मोटार हलली, पण वर येईना.

पेमाराम म्हणाला, "धनी, आता उतरा. ओझंही तुमचंच होतंय आणि हातही तुमचेच कमी पडताहेत."

ठाकुरांची नजर त्या रिकाम्या हंड्यावर गेली. आज त्या बाईच्या घरी पाणी जाणार नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली. ते उतरले आणि त्यांनी खांदा लावला. मोटार वर आली. कपडे वाळूने माखले, पण अब्रूला काही झालं नाही.

हवेलीकडे घेऊ का, असं ड्रायव्हरने विचारलं.

"खाणीवर घे," ठाकूर म्हणाले. "पिंपं चढवायची आहेत."

तात्पर्य: जिच्यासाठी आपण कधी खांदा लावला नाही, ती वस्तू नावाने आपली असली तरी खरी आपली नसते.