मानाचा विडा

रुईखेडच्या उदेभान महाराजांनी पंचांचा मेहनताना म्हणून रोज एक विडा ठरवला, तेव्हा सगळ्या दरबाराने माना डोलावल्या. डोलावणारच. त्यांच्यातलं कोणी पंच म्हणून बसणारं नव्हतं.

पंच बसायचे ते गावातले. ज्याचं नाव निघेल त्याने हातातलं काम टाकून यायचं, साक्षी ऐकायच्या आणि निकालाच्या दिवशी पाचांचं एकमत होईपर्यंत उठायचं नाही. कोणी पंचांना फितवू नये म्हणून त्या दिवशी दरवाजे बंद. आत काही यायचं नाही, बाहेर कोणी जायचं नाही, खुद्द महाराजांनीसुद्धा. हा नियम त्यांचाच, आणि त्याचा त्यांना फार अभिमान. उठताना चांदीच्या तबकातला एकेक विडा पंचांच्या हातावर पडे. सुताराचं गिऱ्हाईक तोवर दुसऱ्याकडे गेलेलं असे आणि सुतार विडा घेऊन घरी जाई. पोटात कावळे ओरडू लागले की पंच जेवणवेळेच्या आत एकमत करून मोकळे होत. आपल्या राज्यात न्याय किती झटपट मिळतो, असं महाराजांना वाटे.

साळू भडभुंजिणीचं नाव एकाच महिन्यात तिसऱ्यांदा निघालं, तेव्हा ती भर दरबारात उभी राहिली. तिचं म्हणणं साधं होतं. ती इथे बसली की भट्टी थंड, आणि भट्टी थंड की घरची चूल थंड. बसायला तिची ना नव्हती, फक्त बुडालेली मजुरी मिळावी.

विड्याची कल्पना मुळात दिवाण आबाजीपंतांची. ते म्हणाले, मानाला मजुरी लावणं हा मानाचाच अपमान आहे. महाराजांनाही ते पटलं.

"राजासमोर बसून न्याय करायला मिळतो, बाई. आणखी काय हवं?"

"मला काही नको, महाराज. पण पोरं मान खात नाहीत."

मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि महाराजांचा पारा चढला. "ठीक आहे. विड्याने भागत नाही, असं माझ्याच तोंडून वदवून घे. उद्याचा दिवस दिला. नाही जमलं, तर वर्षभर प्रत्येक खटल्यात तूच पंच!"

वर्षभर म्हणजे भट्टी कायमची विझलीच. पण ती वाकून नमस्कार करून घरी गेली आणि त्या संध्याकाळी तिने फुटाण्यांचा एक घाणा जास्त भाजला.

दुसऱ्या दिवशी दोन भावांच्या फणसाच्या झाडाचा निकाल होता. थोरला मोठ्या आवाजात बोलत होता, धाकटा अडखळत होता. चौघा पंचांनी घाईघाईने झाड थोरल्याला देऊन टाकलं. साळू म्हणाली, मला अजून पटलं नाही.

दुपार झाली. मुदपाकखान्यातून तुपाचा वास बंद दरवाज्याच्या फटीतून आत आला. महाराजांनी मांडी बदलली. चौघे पंच साळूकडे डोळे वटारून बघत होते, पण उपाशी बसायची त्यांना सवय होती. महाराजांना नव्हती. दिवाणांनी दरवाजा किलकिला करायचं हळूच सुचवलं, पण सगळ्या लोकांदेखत आपलाच नियम महाराज मोडणार कसे? त्यांनी दोनदा विचारलं, बाई, पटलं का? साळू दोन्ही वेळा नम्रपणे म्हणाली की विचार चाललाय, मानाच्या जागी बसून घाई बरी नव्हे.

उन्हं कलली. मग साळूने पदराची गाठ सोडली. खमंग फुटाण्यांचा वास दरबारभर पसरला आणि महाराज पुढे सरकले.

"काय आहे ते?"

"फुटाणे, महाराज. विकायचे राहिलेत."

"आण इकडे. सगळे आण!"

साळू उठली, फुटाण्यांची ओंजळ पुढे केली आणि तिथेच थांबली. महाराजांनी तबकातला विडा उचलून तिच्यापुढे धरला. साळूने ओंजळ हळूच मागे घेतली. म्हणाली, एवढा मोठा मान मूठभर फुटाण्यांवर कसा घेऊ? महाराजांनी दुसरा विडा उचलला, मग अख्खं तबकच पुढे सरकवलं.

"अजून किती मान देऊ?"

"मान पुष्कळ झाला, महाराज. हरभरे देणारा वाणी तो घेत नाही, एवढंच."

"अगं, मग पैसे घे!" महाराज ओरडले. "विड्याने कुणाचं भागतं का?"

साळूने फुटाणे महाराजांच्या ओंजळीत ओतले आणि चौघा पंचांकडे वळली. "काय हो, ऐकलंत ना? यावर तरी आपलं पाचांचं एकमत?"

चौघांनी एका दमात होकार दिला.

महाराजांनी मूठभर फुटाणे तोंडात टाकले. मग तोंडातला फुटाणा ठसक्याने बाहेर पडेपर्यंत हसले. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला की पंचाला त्याच्या धंद्याची दिवसाची मजुरी खजिन्यातून मिळेल आणि निकालाआधी पोटभर जेवण. दरवाजे उघडून पानं वाढली. जेवणानंतर पंचांनी साक्षी सावकाश पुन्हा ऐकल्या, तेव्हा थोरला सपशेल खोटा निघाला आणि झाड धाकट्याला मिळालं.

महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून साळूला दिलं. मग उरलेल्या विड्यांच्या तबकाकडे बघत विचारलं, "आणि यांचं काय करू?"

"दिवाणजींना द्या, महाराज," साळू म्हणाली. "या महिन्याचा पगार म्हणून."