शिवटेकडीची माती

करंजशेतला वैद्यकाचं सरकारी महाविद्यालय आहे. फाटकातून आत शिरलं की इमारतीच्या आधी एक टेकडी आडवी येते. टेकडी म्हणायची इतकंच, उंची पुरुषभर आणि वर थोडी. नीट पाहिलं तर ती एका मातीची नाही. कुठं काळीभोर, कुठं तांबडी, कुठं पिवळट, मध्येच एखादा चुनखडीसारखा पांढरा पट्टा. गावात हिला शिवटेकडी म्हणतात. शीव असते गावाच्या कडेला, मग ही अंगणाच्या मधोमध कशी, असा प्रश्न नव्या माणसाला पडतोच.

प्रवेशाच्या दिवसांत मुलांना घेऊन आलेले आईबाप हिच्या पायथ्याशी बसतात. इथल्यांना जागा किती, बाहेरच्यांना किती, आपल्या पोराचा नंबर लागतो की नाही, एवढंच त्यांचं बोलणं. मग गावातले तात्या गुरव त्यांच्यात जाऊन बसतात आणि म्हणतात, "हा घोर आजचा न्हाई बरं का. ह्या घोरापायीच तर ही टेकडी झाली." आणि सुपारी कातरत हकीकत सांगू लागतात.

ती अशी की, फार पूर्वी इथं गवती छपराची एक वैद्यशाळा होती. नागेशबुवा नावाचे वैद्य ती चालवीत. जागा गावानं दिलेली, धान्य राजाच्या कोठारातून येई. बुवांच्या हाताला गुण होता म्हणे, त्यामुळं चहूकडून मुलं येत. घाटाखालच्या कोकणातून येत, कानडी मुलखातून येत, पार खानदेशातूनही येत. येताना प्रत्येकाच्या कमरेला एक पुरचुंडी असे आणि तीत गावची माती. परमुलखाचं पाणी बाधू नये म्हणून आई ती बांधून देई. चिमूटभर माती पाण्यात कालवायची, निवळू द्यायची आणि वरचं पाणी प्यायचं. पाणी मानवलं तरी उरलेली पुरचुंडी कुणी टाकत नसे. ती कमरेलाच राही.

ह्या सगळ्यात गावाचं एक दुखणं होतं आणि ते खोटं नव्हतं. बुवा मुलं पारखून घेत. बाहेरून येणारी पोरं चार गावं ओलांडून आलेली, तयारीची असत. गावची पोरं गुरांमागं वाढलेली. बुवांनी दोन प्रश्न विचारले की त्यांची जीभ टाळूला चिकटे. मग बुवा म्हणत, "जागा नाही." छप्पर लहान आणि धान्य मोजकं, हेही खरंच होतं. पण छप्पर आपलं, धान्य आपल्या राजाचं, आणि आपलीच पोरं कुंपणाबाहेर! घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, असं गाव उघड बोलू लागलं.

गावचे पाटील सुभानजी. त्यांचा नातू खंडू असाच माघारी आला होता. आल्यावर तो गोठ्यात जाऊन बसला आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही. ते पाटलांच्या काळजाला लागलं. त्यांनी डोक्याला पागोटं बांधलं आणि तडक दरबार गाठला. "महाराज, आपल्या धान्यावर शिकत्यात आणि वैद्य होऊन आपापल्या मुलखाला जात्यात. आमच्या बाळंतिणीला इलाज करायला माणूस न्हाई." राजाला ते पटलं. शिवेच्या आतली पोरं राहतील, बाहेरची जातील, असा हुकूम झाला आणि तो बजावायला एक कारभारी करंजशेतला आला.

आता अडचण अशी, की करंजशेत राज्याच्या अगदी टोकाला. शीव नेमकी कुठून जाते, शाळेच्या अंगणाच्या अलीकडून की पलीकडून, ह्यावर पिढ्यान्‌पिढ्या तंटे चाललेले. कारभाऱ्यानं जुनी रीत काढली. गावातल्या सगळ्यांत वयस्क माणसानं तंट्याच्या जागेची माती टोपलीत घेऊन डोक्यावर धरायची, "ही माती जिथली तिथवर आमची शीव" अशी आण घ्यायची आणि चालायला लागायचं. तो जिथून चालेल ती शीव. आण खोटी ठरली तर त्याचा वंश बुडतो, आणि एका तंट्यात आण एकदाच घेता येते. गावात सगळ्यांत वयस्क होते सुभानजी. मागणं त्यांचंच होतं, आणि ते पुरं करणंही त्यांच्याच डोक्यावर आलं.

हुकूम झाला तेव्हा पाटलांना बरं वाटलं होतं. घरी आले आणि ओसरीवर मल्लाप्पाला पाहिलं, तेव्हा ते बरं वाटणं आटलं. मल्लाप्पा कानडी मुलखातला. शाळेत निजायला जागा नव्हती म्हणून सरजाईनं, म्हणजे पाटलीणबाईंनी, त्याला ओसरी दिली होती. पाटलांचा गुडघा सुजला की हाच निर्गुडीचा पाला गरम करून शेक देई आणि "अज्जा, पाय हलवू नका" म्हणून आपल्याच आजोबाला दरडावावं तसं दरडावी. त्या संध्याकाळीही तो पाला घेऊन आला. हुकूम त्याच्या कानावर गेला होता, पण त्याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. पाटलांना वाटलं, ह्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाटलांना जेवण जाईना.

"आवं, जेवा की," सरजाई म्हणाली. "आपल्याच तोंडानं मागितलंत. आता घास का अडकतोय?"

"खंडूसाठी मागितलं मी. मल्लूला घालवायला न्हाई मागितलं."

"मग जावा, तसं सांगून या राजाला."

"हुकूम झाला, सरजा. शिवेवर खोटं चाललो तर खंडूचा वंश बुडंल. आन खरं चाललो तर ही पोरं जात्यात. काय करू सांग की!"

टोपली भरण्याचा मान घरच्या बाईचा असे. सरजाई उठत म्हणाली, "मातीचं मी बघते. तुमी खरं बोला म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव शाळेच्या अंगणात जमलं. बाहेरची पोरं गाठोडी बांधून कुंपणाशी उभी होती. नागेशबुवा खांबाला टेकून बसले होते, त्यांच्यानं कुणाकडे बघवत नव्हतं. मल्लाप्पानं पुढं येऊन पाटलांचे पाय धरले. "अज्जा, थंडीत शेक सोडू नका," एवढंच म्हणाला. पाटलांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

सरजाईनं टोपली पुढं केली. ती उचलायला पाटील वाकले आणि तसेच थबकले. करंजशेतची माती भुरी. टोपलीत भुरी होती, पण तिच्यात तांबडी होती, काळी होती, पिवळीही होती. त्यांनी मान वर केली. मल्लाप्पाच्या कमरेची पुरचुंडी जाग्यावर नव्हती. शेजारच्या पोराचीही नव्हती. कुंपणाशी उभ्या एकाही पोराच्या कमरेला पुरचुंडी नव्हती. पाटलांनी बायकोकडे पाहिलं. ती काही न घडल्यासारखी पदर सारखा करत होती.

"कुठली माती?" कारभाऱ्यानं रीतीप्रमाणं विचारलं.

पाटलांनी टोपलीची कड धरली. आता बोललं तर टोपली रिकामी होईल, दुसरी भरली जाईल आणि पोरं वाटेला लागतील. न बोलावं, तर ते खोटं होतं का? पोरांनी पहाटे पुरचुंड्या अंगणात सोडल्या, तिथंच कालवल्या आणि सरजाईनं तिथूनच टोपली भरली, हे समोर दिसतच होतं. जमिनीवर रंगीत डाग अजून ओले होते.

"ह्याच अंगणातली," पाटील म्हणाले. टोपली डोक्यावर चढवली आणि खणखणीत आवाजात आण घेतली. "ही माती जिथली तिथवर आमची शीव. खोटं बोललो तर माझा वंश बुडो."

मग ते चालू लागले. अंगणाला एक फेरी घातली आणि मधोमध येऊन उभे राहिले.

"थांबलात का?" कारभारी म्हणाला. "शिवेवर चला."

"कुठवर चालू, सरकार?" पाटील म्हणाले. "ह्यात कोकणची तांबडी हाय, कानडी मुलखाची हाय, खानदेशची काळी हाय. ती जिथली तिथवर शीव, अशी आण झाली. एवढं चालायला ह्या गुडघ्याला सात जन्म पुरायचे न्हाईत. आन शेक द्यायला मल्लूला संगं न्यावं लागंल!"

आधी कुणी हसलं नाही. सगळे कारभाऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. कारभारी जवळ आला, टोपलीत हात घातला आणि काळ्या मातीचं ढेकूळ बोटांत चुरलं. असं सांगतात, की तो स्वतः खानदेशातून राजाच्या चाकरीला आलेला होता.

"आण दुसऱ्यांदा घेता येत नाही," तो शेवटी म्हणाला. "शीव ठरली, असं मी महाराजांना सांगतो. एवढं मोठं राज्य झाल्याचं ऐकून त्यांना राग यायचं कारण नाही."

मग मात्र अंगण हसलं. कुणी हसलं, कुणी रडलं, पोरांनी गाठोडी धाडकन खाली टाकली. सुभानजींनी टोपली तिथंच पालथी केली आणि म्हणाले, "ओततो हितंच. आपलीच हाय." डोक्यावरून टोपलीच नव्हे, डोंगर उतरल्यासारखं त्यांना वाटलं. त्या दुपारी ते चार भाकरी जेवले म्हणे.

पण पाटील ते पाटीलच. जेवायला जायच्याही आधी, हाताची माती न धुता, ते बुवांपुढं जाऊन उभे राहिले. "बुवा, आता बाहेरचं कुणी न्हाई. मग माझा खंडू तरी बाहेर का?"

बुवांनी मान खाली घातली. त्याच मातीला हात लावून त्यांनी नेम केला, की लांबून आलेल्या प्रत्येक पोराबरोबर गावचं एक पोर बसेल, आणि जे पुढं असेल ते मागच्याला हाताला धरून आणील. छप्पर गावानं वाढवलं. धान्याची ओढ काही वर्षं राहिली, मग शिकून गेलेल्यांच्या मुलखांतून पोती येऊ लागली. खंडूला मल्लाप्पानं शिकवलं. तो हुशार असा कधी झाला नाही, पण पंचक्रोशीतल्या बाळंतिणींना माणूस मिळाला.

सुपारी संपलेली असते. "असं म्हणतात बाबा," तात्या अडकित्ता मिटत म्हणतात. "आत कागद बघतील, दाखले बघतील. ते बघायलाच पायजेत. पण आधी हितं या."

आजही प्रवेश झालेलं प्रत्येक पोर घरून मूठभर माती घेऊन येतं. गावचं एक पोर टोपली धरून टेकडीशी उभं असतं. पावसाळ्यात टेकडी थोडी खचते आणि प्रवेशाच्या दिवसांत पुन्हा भरून येते. नवं पोर पुरचुंडी सोडतं, मागं आई उभी असते. टोपलीवालं पोर रीतीप्रमाणं विचारतं, "कुठली माती?" नवं पोर आपल्या गावाचं नाव सांगतं. ते गाव टोपलीवाल्यानं आयुष्यात कधी ऐकलेलं नसतं.

"ओत," ते म्हणतं. "आपलीच हाय."