विलायती डबे आणि मास्तरांचं पान

"यातला साबण कुठला नि सूप कुठलं, ओळखून दाखव. नाहीतर परवापासून मुदपाकखान्यात पाऊल टाकायचं नाही!" सोनवडचे राजे रायाजीराव कडाडले.

द्वारका स्वयंपाकीण मान खाली घालून उभी होती. समोर विलायतेहून आलेले बारा डबे. एकाच रंगाचे, आत भुकटी. काहींवर इंग्रजीत 'सूप' लिहिलेलं, काहींवर 'सोप', म्हणजे साबण. लिहिल्यावर दोन्ही शब्द जुळे भाऊ, मधल्या एका अक्षराचा काय तो फरक! राजेसाहेब तीन महिने इंग्रजी शिकत होते. कालच्या मेजवानीत त्यांनी स्वतः डबा निवडला आणि "हेच सूप!" म्हणून ऐटीत चुलीवर चढवायला लावलं. पाहुण्यांच्या मिशांना फेस आला! आता राजा चुकला असं म्हणणार कोण? खापर फुटलं द्वारकेच्या डोक्यावर.

"सरकार, मला साहेबाचं अक्षर येत नाही."

"न येताच ओळखायचं! डबा उघडायचा नाही, हुंगायचा नाही, कोणाला विचारायचं नाही. आणि कोणी सांगितलं, तर त्याचीही नोकरी गेली! उद्या दुपारपर्यंत मुदत."

पंधरा वर्षं धूर खाल्ला, तो काय या फेसापायी घरी बसायला? रडूच येत होतं द्वारकेला. पण रडता रडता तिला खांबेटे मास्तर आठवले. राजांना इंग्रजी शिकवणारे तेच. मास्तर नेमाचे भारी पक्के, जेवायला बसले की हात धुईपर्यंत मौन! द्वारकेनं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. राजेसाहेबांच्या शेजारीच मास्तर. द्वारका एका हातात पळी आणि दुसऱ्या हातात बंद डबा घेऊन आली, ती थेट मास्तरांच्या पानाशी वाकली.

"घ्या मास्तर, लाजू नका!"

मास्तरांनी डब्यावरचं अक्षर वाचलं. डोळे विस्फारले. दोन्ही हात पानावर आडवे! द्वारकेनं तो डबा डावीकडे ठेवला. दुसरा आणला. मास्तरांनी नजर टाकली आणि खुशाल भात कालवत राहिले. तो गेला उजवीकडे. असे बाराही डबे फिरले. सात डावीकडे, पाच उजवीकडे.

"सरकार, डावीकडे साबण, उजवीकडे सूप!"

हात धुऊन येताच मास्तर म्हणाले, "बाराच्या बारा बरोबर!"

"लबाड!" राजे गरजले. "मास्तरांना विचारलंस!"

"विचारलं कुठे, सरकार? मी आपल्यादेखत वाढत होते."

"मग त्यांनी तुला सांगितलं!"

"एक शब्द तरी बोलले का? नको म्हणून पानावर हात आडवा धरला, एवढंच. तो गुन्हा असेल, तर सरकार, परवाच्या पंगतीत कुणीतरी हा गुन्हा करायला हवा होता!"

राजेसाहेबांचा चेहरा आधी लालबुंद झाला, मग ओठ थरथरले, आणि ते असे खदाखदा हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

"द्वारके, या घे सोन्याच्या पाटल्या! आजपासून कोठीच्या किल्ल्याही तुझ्याकडे. आणि हुकूम ऐक! यापुढे विलायती डबा आला, की आम्ही काहीही वाचलं तरी तो आधी मास्तरांच्या पानावरून फिरवायचा!"